गाडीत पाय ठेवायला जागा नाही, तरी फेरी तोट्यात कशी? कोकणातल्या एसटीचं गणित

मंडणगड घ्या, गुहागर घ्या, देवगड घ्या, श्रीवर्धन घ्या, कुठल्याही गावची सकाळची सातची गाडी बघा. सीटवर तिघं-तिघं, मधल्या वाटेत दप्तरं पोटाशी धरलेली पोरं, दाराच्या पायरीवर मासळीची पाटी घेऊन कोणीतरी, आणि कंडक्टर मागून ओरडतोय पुढे सरका, पुढे जागा आहे. आणि याच गाडीबद्दल आगारात जाऊन विचारलं की अजून एक गाडी का सोडत नाही, तर उत्तर येतं, अहो ती फेरी तोट्यात आहे. लोकांना हे पटत नाही आणि मग सरळ निष्कर्ष निघतो की पैसे कोणीतरी खातंय. खाणारे कुठे नसतात, पण ही गोष्ट फक्त तेवढ्याने समजत नाही. गर्दी आणि तोटा या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि कोकणात तर त्या एकाच कारणातून येतात. ते कसं होतं हे एकदा नीट समजून घेऊया, कारण ते समजल्याशिवाय आपण मागणी पण चुकीची करत राहतो.

आधी एसटी म्हणजे नेमकं काय ते बघू. बरेच लोक समजतात की एसटी म्हणजे सरकारचं खातं, जसं पोलीस किंवा महसूल. तसं नाहीये. एसटी हे महामंडळ आहे, १९५० च्या रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन कायद्याखाली चालणारं. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, महामंडळ वगैरे रचना नंतर आली. त्या कायद्याचं २२ वं कलम सांगतं की महामंडळाने आपला कारभार धंद्याच्या तत्त्वावर करायचा, म्हणजे खर्च निघेल असा. आणि एसटीवर लिहिलेलं ब्रीद आहे बहुजन हिताय बहुजन सुखाय, आणि सरकारचं धोरण गाव तिथे एसटी. आता एकाच संस्थेला सांगायचं की खर्च भागेल असा धंदा कर, आणि त्याच वेळी सांगायचं की ज्या वाडीत पंधरा घरं आहेत तिथेही जा, भाडं आम्ही सांगू तेवढंच घे, सवलती आम्ही जाहीर करू त्या दे. भाडेवाढ सुद्धा एसटीला स्वतःच्या मनाने करता येत नाही, त्याला राज्य परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि ती मंजुरी निवडणुका वगैरे बघून येते. ऑक्टोबर २०२१ नंतरची पुढची भाडेवाढ थेट २५ जानेवारी २०२५ ला झाली, १४.९५ टक्के. मधल्या तीन वर्षांत डिझेल, टायर, पगार यांनी कोणाची वाट बघितली नाही.

आता एक फेरी घेऊ आणि तिचा हिशोब मांडू. आकडे समजा म्हणून घेतलेत, पण भाड्याचा दर आणि सवलती खऱ्या आहेत, त्यामुळे चित्र बरोबर येईल.

समजा गाव ते तालुका ३० किलोमीटर. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, एक टप्पा ६ किलोमीटरचा, साध्या गाडीला आता टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास, म्हणजे पूर्ण अंतराचं तिकीट साधारण ५० रुपये. गाडी गावातून निघाली तेव्हा बारा माणसं. पहिले दहा किलोमीटर सडा म्हणजे उघडं कातळी पठार, वळणं, आंब्याच्या बागा, मधे वस्ती नाहीच. मग पुढची तीन-चार गावं आली, तीस माणसं झाली. शेवटच्या दहा किलोमीटरात हायस्कूल, कॉलेज, बाजार, सगळे चढतात आणि गाडीत साठ माणसं. गाडीला सीट ४४. म्हणजे शेवटच्या दहा किलोमीटरात सोळा जण उभे आहेत आणि ज्याने ही गाडी बघितली तो म्हणणार खचाखच.

पण एसटीच्या कागदावर जे मोजलं जातं त्याला भारमान म्हणतात, आणि ते गाडी सगळ्यात भरलेली असताना मोजत नाहीत, पूर्ण अंतराची सरासरी काढतात. बारा, तीस आणि साठ यांची सरासरी चौतीस. ४४ सीटवर ३४ म्हणजे ७७ टक्के. ठीक आहे, वाईट नाही. पण गाडी परत पण यायला पाहिजे ना. सकाळी आठ वाजता तालुक्यावरून गावाकडे कोण जाणार, एखादे गुरुजी, आरोग्य सेविका, पोस्टाचा माणूस, मुंबईवरून रात्रीच्या गाडीने उतरलेले दोघंतिघं. धरा आठ जण. म्हणजे १८ टक्के. जाऊन येऊन मिळून भारमान झालं ४८. आतमधे पोरं एकमेकांच्या पायावर उभी होती त्या फेरीचं कागदावरचं भारमान ४८ टक्के, अर्धी गाडी रिकामी. दोन्ही खरं आहे. आणि वरच्या ऑफिसात बसलेल्या माणसापर्यंत फक्त ४८ पोचतात, सोळा उभे पोचत नाहीत.

एखादी खानावळ समजा जिथे दुपारी एक वाजता साठ माणसं जेवायला येतात, ताटं चाळीस, लोक भिंतीला टेकून उभे, आणि दोन नंतर रात्रीपर्यंत कोणी फिरकत नाही, पण आचारी, वाढपी, भाडं, गॅस पूर्ण दिवसाचा. मालक ताटं वाढवणार का? एक वाजताच्या गर्दीसाठी वाढवली तर उरलेला दिवस ती नुसती मांडणीवर. गाडीचं तसंच आहे, फरक एवढाच की खानावळीत जागा नाही म्हणून माणूस दुसरीकडे जेवेल, पण सातची गाडी चुकली तर बारावीच्या मुलीचा दिवस गेला.

आता पैसे. त्या साठ माणसांत कोण आहे ते बघा, कारण खरी गोम इथे आहे. धरा वीस मुली बारावीपर्यंतच्या, त्यांना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. पंधरा मुलगे किंवा पुढच्या शिक्षणाचे विद्यार्थी, त्यांना पास ६६.६७ टक्के सवलतीत, म्हणजे ते एक तृतीयांश भरतात. चौदा बायका, मार्च २०२३ पासून त्यांना अर्धं तिकीट. पाच जण पंच्याहत्तरीच्या पुढचे, ऑगस्ट २०२२ पासून त्यांना प्रवास मोफत. आणि उरले सहा, पूर्ण तिकीटवाले. पासष्ट ते पंच्याहत्तरवाल्यांना पण अर्धं असतं, ते इथे धरलेच नाहीत. सरासरी प्रत्येक जण सतराएक किलोमीटर आला, म्हणजे तीन टप्पे, ३० रुपये. साठ माणसांचं पूर्ण भाडं झालं असतं १८०० रुपये. प्रत्यक्ष प्रवाशांच्या खिशातून येतात किती? बायकांचे २१०, पूर्ण तिकीटवाल्यांचे १८०, आणि पासचे १५०, एकूण ५४०. त्यातले पासचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच घेतलेले, म्हणजे त्या दिवशी कंडक्टरच्या बॅगेत आणि वेबिलावर, म्हणजे त्याच्या फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, दिसतात ३९० रुपये. साठ माणसं आणि ३९० रुपये. आणि डिझेल? जाऊन येऊन ६० किलोमीटर, घाटवळणाच्या रस्त्याला लिटरला साडेचार धरलं तर तेराएक लिटर, म्हणजे १२०० रुपयांच्या आसपास. अजून ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार नाही, टायर नाही, पार्ट नाही, विमा नाही, वर्कशॉप नाही.

उरलेले १२६० रुपये सरकारने द्यायचे असतात. सवलत सरकारने जाहीर केली ना, मग त्या सवलतीची रक्कम सरकार एसटीला भरून देतं, त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. म्हणजे या फेरीच्या भाड्याचा जवळजवळ सत्तर टक्के भाग प्रवाशाकडून येतच नाही, मंत्रालयातून येतो. तो वेळेवर आणि पूर्ण आला तर एसटी श्वास घेते, उशिरा आला की पगार उशिरा, डिझेलवाल्याची उधारी, स्पेअर पार्टची ऑर्डर पुढे ढकल, आणि पार्ट नाही म्हणून गाडी वर्कशॉपला उभी. मधल्या काळात कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे सुद्धा पुढे भरायचे राहिले इतकी ओढाताण झाली. आणि हे सगळं करून झालं की एसटी सरकारला तिकिटावर प्रवासी कर भरते, साडेसतरा टक्के. एका हाताने द्यायचं दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, आणि मग म्हणायचं एसटी तोट्यात.

मी सवलतींच्या विरोधात अजिबात नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण हल्ली लगेच कोणीतरी म्हणतं की बायकांना अर्धं तिकीट दिलं म्हणून गर्दी झाली. झाली, हो. माझ्या माहितीतल्या कितीतरी बायका आधी बाजाराला महिन्यातून एकदा जायच्या त्या आता आठवड्याला जातात, दवाखान्यात जातात, माहेरी जातात, काजू-कोकम घेऊन स्वतः विकायला जातात. हे चांगलंच झालं. चूक ही झाली की तिकीट अर्धं केलं आणि गाड्या वाढवल्या नाहीत. राज्यात एसटीने रोज जाणारी माणसं पन्नास लाखांच्या वर गेली आणि गाड्या कोविडच्या आधीपेक्षा कमी. योजना जाहीर करायला एक दिवस लागतो, गाडी यायला दोन वर्षं.

आणि कोकणात हे जास्त का जाणवतं याचं कारण जनगणनेत आहे. २००१ ते २०११ मधे राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गची ८.६९ वरून ८.५० लाखांवर. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, राज्यात सगळ्यात जास्त. याचा अर्थ आपल्या सगळ्यांना माहितीये, कमावता पुरुष मुंबई-पुण्यात, गावात म्हातारे आईवडील, बायका, शाळेतली मुलं. जे गावात राहिले तेच नेमके सवलतीत बसणारे. पूर्ण तिकीट काढणारा माणूस एकतर चाकरमानी म्हणून मुंबईत आहे नाहीतर बाईकवर. म्हणून घाटावरच्या एखाद्या साखर पट्ट्यातल्या आगाराच्या फेरीशी कोकणातल्या फेरीची उत्पन्नात तुलना करणं मुळातच चूक आहे.

त्यात आपला भूगोल. इथे गाव म्हणजे एक जागा नसते, दहा-बारा वाड्या असतात, एक सड्यावर, एक खाडीकाठी, एक डोंगराच्या पलीकडे. समोर दिसणारं गाव खाडीपलीकडे असतं आणि रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटर वळसा. दाभोळ-धोपावे फेरीबोट झाली म्हणून दापोली-गुहागर जवळ आलं, नाहीतर चिपळूणवरून फिरून जा. किलोमीटर जास्त आणि किलोमीटरमागे माणूस कमी. पावसात रस्ता खचला की फेरी बंद, समुद्राची खारी हवा गाडीचा पत्रा खाते. एसटीच्या गाड्या पूर्वी अॅल्युमिनियम बॉडीच्या असायच्या, नंतर माइल्ड स्टीलच्या बांधायला लागले, ती बॉडी मजबूत पण गंजाचं काय ते किनाऱ्यावरच्या आगारातल्या मेकॅनिकला विचारा. जुलैमधे छत गळतंय म्हणून गाडीत छत्री उघडून बसलेली माणसं हे आपल्याकडे कोणाला नवीन नाही.

मग प्रश्न येतो की पूर्वी कसं चालायचं? पूर्वी पण वाडीवरच्या फेऱ्या फायद्यात नव्हत्याच. पण पूर्वी लांब पल्ल्याची गाडी गावच्या गाडीला पोसायची. मुंबई-मालवण, बोरिवली-राजापूर, परळ-दापोली या गाड्या भरून जायच्या, पूर्ण तिकीट, दोनशे ते पाचशे किलोमीटर, आणि त्यातून उरलेल्या पैशावर गावच्या फेऱ्या निघायच्या. आगाराचा एकत्र हिशोब जमायचा. मुंबईत बेस्टचं पण असंच होतं, वीज विभाग बसला पोसायचा. मग २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, ती यायलाच पाहिजे होती, पण लांबचा प्रवासी तिकडे गेला. जो उरला त्यातला एसी आणि स्लीपर परवडणारा प्रायव्हेट ट्रॅव्हल्सकडे गेला. त्यात मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण, पनवेल-इंदापूरचं काम २०११ ला सुरू झालं आणि तेव्हापासून आजपर्यंत कोकणातला माणूस खड्डे आणि डायव्हर्जन मोजत प्रवास करतोय, एसटीची लांबची गाडी दोन-तीन तास लेट, मग त्याच गाडीची परतीची फेरी लेट, मग त्याच ड्रायव्हरची दुसऱ्या दिवशीची ड्युटी कोलमडली. पोसणारी गाडी गेली आणि जिला पोसायचं होतं ती फेरी तशीच राहिली, उलट सवलतींनी तिची गरज वाढली. हा माझ्या मते सगळ्यात मोठा बदल आहे आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पंचवीस वर्षं झाली, त्या पैशाच्या जागी दुसरा पैसा कुठून येणार हे कोणी ठरवलंच नाही.

गंमत म्हणजे रेल्वे आली तशी गावच्या गाडीची गरज कमी नाही झाली, वाढली. स्टेशनं गावापासून लांब आहेत. राजापूर रोड स्टेशन आणि राजापूर शहर यांच्यामधे कितीतरी किलोमीटर. पहाटे ट्रेनमधून उतरलेला म्हातारा माणूस रिक्षाला जेवढे देतो तेवढ्यात त्याचं ट्रेनचं तिकीट दोनदा येईल. स्टेशनला ट्रेनच्या टायमिंगला जोडून गाडी असली तर ती भरते, पण ट्रेनचं टाईमटेबल पावसाळ्यात वेगळं, एरवी वेगळं, आणि एसटीचं टाईमटेबल त्याच्याशी जुळवायचं काम रेल्वेचं पण नाही आणि एसटीचं पण नाही असं दोघंही समजतात.

आता गाड्या. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम आला की पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या, त्यात परिवहन महामंडळाच्या पण आल्या, रस्त्यावरून काढायच्या. नियम योग्य आहे, जुनी गाडी घाटात नको. पण त्याच्या आधीची काही वर्षं नवीन गाड्यांची खरेदी जवळजवळ थांबलेली, मार्च २०२० ला कोविड, मग ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत संप. सहा महिने गाड्या उभ्या, आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. त्या संपाबद्दल लोकांचा राग होता मला माहितीये, पण पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर नाही असं असताना माणूस किती दिवस स्टेअरिंग धरणार. हीच माणसं २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात आगार पाण्यात गेल्यावर नऊ लाखांची रोकड घेऊन तासन्तास गाडीच्या टपावर बसून होती.

गाडी कमी पडली की आगारात काय होतं ते सांगतो. पहाटे कंट्रोलरच्या समोर यादी असते, आज एवढ्या फेऱ्या, एवढ्या गाड्या पाहिजेत. रात्रीत दोन गाड्या ब्रेकडाऊन, एक कोणीतरी नेली. मग कुठली फेरी रद्द करायची? मुंबईची केली तर रिझर्वेशनचे पैसे परत द्यायचे, वरून फोन येणार. पुणे, कोल्हापूर, तीच गोष्ट. मग वाडीवरची फेरी रद्द होते, कारण तिथल्या प्रवाशाकडे रिझर्वेशन नाही आणि फोन नंबर पण नाही. सातची रद्द झाली की ती माणसं पावणेआठच्या गाडीत, म्हणजे दोन गाड्यांची माणसं एका गाडीत. ड्रायव्हर स्टॉपवर न थांबता पुढे जातो कारण आत खरंच जागा नाही. तीन-चार दिवस असं झालं की पालक काहीतरी व्यवस्था करतात, चार घरं मिळून मॅजिक ठरवतात, मोठा मुलगा बाईकने सोडतो. महिन्याने सातची गाडी पुन्हा नियमित सुरू झाली तर तिच्यात पूर्वीपेक्षा कमी माणसं. वेबिलावर उत्पन्न कमी. मग कमी भारमान म्हणून फेरी कायमची बंद करायचा कागद तयार. म्हणजे आधी गाडी गेली, मग प्रवासी गेला, आणि कागदावर कारण लिहिलं प्रवासी नाही.

यात सगळ्यात जास्त नुकसान झालं वस्तीच्या गाडीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रात्रीची शेवटची गाडी गावात येते, तिथेच थांबते, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. आमच्याकडे ती साडेआठला यायची, देवळासमोरच्या पिंपळाखाली लागायची. ड्रायव्हर-कंडक्टर हातपाय धुवून कोणाच्या तरी पडवीत जेवायचे, ज्याच्या घरी मासळी असेल तो डबा आणून द्यायचा, आणि गाडीतच सीटवर चादर टाकून झोपायचे. पहाटे साडेपाचला हॉर्न वाजला की वरच्या वाडीतली आजी हाक मारायची, मास्तरनू वायच थांबा, आणि ते थांबायचे. त्या गाडीने मुंबईची सकाळची गाडी मिळायची, जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला पहिल्या नंबरात पोचायला व्हायचं, भाजीवाल्या बाजारात वेळेत जायच्या. एसटीच्या दृष्टीने पण ती स्वस्त, कारण गाडी रात्री रिकामी परत जात नाही आणि पहाटे रिकामी येत नाही. कोविडमधे ती बंद झाली, मग संप, आणि मग ती आलीच नाही. असं कितीतरी गावांत झालं. आता पहिली गाडी आगारातून निघून गावात साडेसातला येते, आणि पहाटेची, सातची आणि शाळेची अशी तीन वेळची माणसं त्या एका गाडीत चढतात. गर्दी झाली म्हणतो ती अशी तयार होते. वस्तीची गाडी परत आणायची तर चालक-वाहकाला झोपायला बंद खोली आणि संडास ग्रामपंचायतीने दिला पाहिजे, पडवीत आणि गाडीत झोपवायचे दिवस गेले, त्यांनी तरी का झोपावं.

गणपतीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. मुंबईवरून कोकणात जादा गाड्या, २०२५ ला पाच हजारांवर सोडल्या, त्यासाठी मराठवाडा-विदर्भातून सुद्धा गाड्या मागवतात. चाकरमान्याला गाडी मिळालीच पाहिजे यात वाद नाही. पण गौरी-गणपती विसर्जनानंतर परतीच्या गर्दीला स्थानिक आगाराच्या गाड्या पण लागतात आणि त्या आठवड्यात गावच्या फेऱ्या सरळ बंद. हे तरी वर्षातून एकदा. पण प्रासंगिक करार नावाचा प्रकार असतो, म्हणजे लग्न, सहल, सभा यासाठी गाडी भाड्याने देणं. त्यात एसटीला पूर्ण किलोमीटरचे पैसे मिळतात म्हणून आगाराला तो हवा असतो. एखाद्या मोठ्या सरकारी कार्यक्रमाला माणसं न्यायला शंभर-दीडशे गाड्या एका दिवसात उचलल्या की त्या दिवशी जिल्ह्यातली पोरं रस्त्यावर. निदान शाळा चालू असताना सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांच्या गाड्यांना हात लावायचा नाही एवढा नियम करायला कुठला निधी लागत नाही.

आणि वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाड्या. अलिबागला मिनीडोर, बाकी ठिकाणी मॅजिक, सहा आसनी. एसटीच्या पाच मिनिटं आधी येतात, पूर्ण पैसे देणारी माणसं उचलतात आणि जातात, मागे राहतात पासवाले, कारण पास तिथे चालत नाही. एसटीची त्या फेरीची उरलीसुरली रोकड पण गेली. पण मी त्या पोरांना दोष देणार नाही, कर्ज काढून गाडी घेतलीये, आणि एसटी रद्द होते त्या दिवशी तीच गाडी गावाला उपयोगी पडते. फक्त पावसात रात्री नऊ वाजता, चार माणसांसाठी, सड्यावरच्या वाडीत ती गाडी येत नाही, हे लक्षात ठेवायचं.

जून २०२५ ला सरकारने एसटीची श्वेतपत्रिका काढली, त्यात साठलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर, आणि गेल्या ४५ वर्षांत फायद्याची वर्षं फक्त आठ. यावर दोन उपाय नेहमी ऐकू येतात. एक, खाजगीकरण करा. ठीक, पण खाजगी माणूस मुंबई-रत्नागिरी घेईल, वाडीवरची फेरी कोण घेईल? दुसरा, मिनी बस सोडा. हा ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण वरचं गणित परत बघा. गर्दीच्या वेळी साठ माणसं आहेत, मिनी बसमधे ती मावणार कशी? दुपारी मावतील, पण दुपारी मिनी चालवली म्हणून ड्रायव्हर अर्ध्या पगारात येत नाही, आणि सकाळची मोठी गाडी आगारात उभी. खर्चातले दोन सगळ्यात मोठे भाग म्हणजे पगार आणि डिझेल, मिनीने थोडं डिझेल वाचतं. अरुंद रस्त्याच्या वाड्यांना मिनी जरूर द्या, पण तो सगळ्यावरचा इलाज नाही.

मला जे पटतं ते सांगतो. एसटीने ५,१५० इलेक्ट्रिक गाड्या कंपनीकडून भाड्याने घ्यायचा करार केला. त्याची पद्धत अशी की कंपनीला किलोमीटरमागे ठरलेले पैसे द्यायचे, गाडी भरली की रिकामी गेली याच्याशी कंपनीचा संबंध नाही. तिकिटाची जोखीम एसटीची. आता सांगा, जर खाजगी कंपनीला किलोमीटरवर हमी देता येते तर हीच हमी सरकारने एसटीला गावच्या फेरीसाठी का देऊ नये? जिल्ह्याने यादी करायची, या या फेऱ्या लोकांच्या गरजेच्या आहेत, शाळा, दवाखाना, बाजार, स्टेशन. त्या फेऱ्यांना किलोमीटरमागे दर ठरवायचा, फेरी धावली तर पैसे, रद्द झाली तर त्या दिवशीचे पैसे कापायचे. मग कंट्रोलरला वाडीची फेरी रद्द करणं सोपं राहणार नाही, कारण तिच्यामागे पण पैसा उभा असेल. आज प्रतिपूर्ती माणसामागे आहे, त्यामुळे सोळा उभे असले काय आणि दुसरी गाडी दिली काय, सरकारकडून येणारी रक्कम तीच, म्हणजे दुसरी गाडी देणं हा आगाराला निव्वळ जादा खर्च. पैसे देण्याची ही पद्धतच गर्दी करायला सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेने या वर्षी किती कमावले असं आपण विचारत नाही, मग त्या शाळेत मुलांना नेणाऱ्या गाडीला का विचारतो? प्रवासी कर गावच्या फेऱ्यांवरून तरी काढून टाकला पाहिजे, आणि गाड्यांची खरेदी दर वर्षी थोडी थोडी ठरलेली पाहिजे, दहा वर्षांतून एकदा हार घालून फोटो काढण्यापुरती नको.

हे सगळं मुंबईत ठरणार. तोपर्यंत गावातून करण्यासारखं एक आहे आणि ते नीट केलं तर फरक पडतो. फेरी मागायला गेलो की आपण सह्यांचं निवेदन देतो, गर्दी फार होते, गैरसोय होते, एवढंच लिहितो. आगार व्यवस्थापक ते विभागाला पाठवतो, रत्नागिरी विभागात तर नऊ आगारं, तिथे अशी निवेदनं ढिगाने. त्याऐवजी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडून पासधारक मुलांची स्टॉपनिहाय यादी घ्या. एक आठवडा कोणीतरी शेवटच्या मोठ्या स्टॉपवर उभं राहून लिहा, गाडी किती वाजता आली, किती जण चढले, किती राहिले, गाडी न थांबता गेली का. फेरी रद्द झाली तर तारीख लिहा. त्याला ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, शेजारच्या गावांचा पण जोडा, कारण फेरी एका गावाची नसते. वस्तीची गाडी हवी असेल तर खोलीची सोय करतो हे ठरावातच लिहा. जुलै २०२४ पासून आगारांत प्रवासी राजा दिन घेतात, तिथे विभाग नियंत्रक स्वतः येतात, त्या दिवशी हा कागद हातात द्या आणि पोच घ्या. भारमानाच्या कागदात न दिसणारी, मागे राहिलेली माणसं अशीच दाखवावी लागतात, आणि शाळा जूनमधे सुरू होतात तर हे काम एप्रिलमधेच झालं पाहिजे कारण नवीन सत्राचं टाईमटेबल त्याच सुमाराला बसवतात.